दुसरी प्रत

३ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, हत्यारांची बॅग मांडीवर घेऊन पाय बधिर झाले, वरून शेजारच्या बाईंनी वाटभर आपल्या जावयाचं कौतुक ऐकवलं. पण घर दिसलं आणि शीण उतरला. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे हातभर अंगण आणि निळं फाटक. काकू फाटकातच उभ्या होत्या. त्या शाळेचे गणवेश शिवून देतात. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, अगं, तुझा डावा खांदा उतरलाय, बॅग रोज त्याच खांद्याला अडकवतेस ना? ओळखपाळख नाही, पाणी नाही, आधी खांदा. मला त्या तिथेच आवडल्या.

काका कमी बोलतात. पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला आहेत. माझी बॅग हातातून घेताना त्यांनी विचारलं की ही आडवी ठेवायची का उभी. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. आमच्या दुकानात लोक बंद पडलेल्या डिस्क भाजीच्या पिशवीतून आणतात, आणि मग आतलं सगळं जसंच्या तसं काढून द्या म्हणून आमच्या डोक्यावर बसतात.

खरं तर आम्ही कुणाच्या घरी जाऊन काम करत नाही. पण काकांनी फोनवर हट्ट धरला की डिस्कची पेटी घराबाहेर जाणार नाही, कुरियरवाले आदळआपट करतात. मालक आधी साफ नाही म्हणाले. मग काका काहीतरी बोलले आणि मालकांनी पत्ता लिहून घेतला. फोन ठेवून मला म्हणाले, तू जा, तुझा हात हलका आहे. काका काय बोलले ते मला आज चहाच्या वेळी कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी चार वर्षांपूर्वी आजारात गेली. नऊ वर्षांची होती. तिचे फोटो, व्हिडिओ, तिचा आवाज, सगळं त्या एका पेटीत आहे, जिन्याजवळच्या चौकटीतला एक फोटो सोडला तर दुसरीकडे कुठेही नाही.

तिला घरात भिंगरी म्हणत. एका जागी ठरायची नाही म्हणून. मला वरची तिचीच खोली दिलीय. भिंतीवर खडूने काढलेली माणसं आहेत, सगळ्यांना हात लांबलचक आणि मान कुणालाच नाही. काकूंनी पुसलेली नाहीत. मीही त्या भिंतीला पाठ टेकवायची नाही असं ठरवलंय.

४ तारीख, मंगळवार

आज पेटी उघडली. जिन्याखालच्या कोनाड्यात असते, खोक्याएवढी, घरच्या वायफायला जोडलेली. घरातल्या फोनमधलं आणि कॉम्प्युटरमधलं जे काही असेल ते आपोआप तिच्यात जाऊन बसतं. आत दोन डिस्क. एकीवर जे जातं तेच दुसरीवर जातं, म्हणजे एक दगावली तरी दुसरी असते. एक दगावली की पेटी बीप बीप करायला लागते आणि माणसाने लगेच नवी आणून बसवायची. साधी गोष्ट आहे. इथे दोन्ही गेल्या, आणि का गेल्या ते मला कळेना.

काकू गणवेश पोचवायला गेल्या तेव्हा काका कोनाड्याशी येऊन बसले.  मग म्हणाले, पेटी मध्यंतरी वाजायला लागली होती. ते दिवसभर पंपावर, घरी काकू एकट्या. काकूंना तो आवाज पोर किरकिरल्यासारखा वाटे. बंद करायचा धीर होईना, कारण सगळं तिचंच आत. मग त्यांनी भिंगरीचं लोकरीचं पांघरूण काढलं आणि पेटीला दुहेरी गुंडाळून घातलं. किरकिर थांबल्यासारखी झाली. आठवडाभराने काकांच्या लक्षात आलं तोवर आतली उरलेली डिस्क उकडून निघाली होती. काकांनी पांघरूण घडी करून जागच्या जागी ठेवलं आणि बायकोला सांगितलं की यंत्र जुनं झालं होतं.

मीही तेच सांगावं अशी त्यांची विनंती. सांगेन. तिने पोरीला पांघरूण घातलं, आणखी काय केलं.

५ तारीख, बुधवार

कामाला सुरुवात. पहिली डिस्क पार मेलेली, तिच्यात राम नाही. दुसरी मात्र कण्हतकुंथत का होईना, फिरते. तिला टेबलावर उघडी ठेवलीय, समोर छोटा पंखा, थोडा वेळ चालवायची, थोडा वेळ विसावा द्यायचा. आजाऱ्याला भरवतात तसं, घास घास. जे वाचता येतं ते मी आणलेल्या नव्या डिस्कवर उतरवून घेते. सुरुवातीपासून घेतेय, म्हणजे सगळ्यात जुनं आधी येईल. शेवटचा भाग फार खराब दिसतो, तो अगदी अखेरीला.

जेवताना काकूंनी सायकलची गोष्ट सांगितली. भिंगरीला नवी सायकल आणली, तिने ब्रेक म्हणजे काय हे न विचारताच उतारावरून सोडली आणि थेट समोरच्या आजोबांच्या फुलझाडांत घुसली. उठली, अंगावरची माती झटकली आणि आजोबांनाच म्हणाली की तुमची झाडं रस्त्यात येतात. सांगताना काकू इतक्या हसल्या की ठसका लागला. काका भाताकडे बघत होते, पण तेही हसत होते. मी आजवर एकही डिस्क हातची जाऊ दिलेली नाही. ही तर मुळीच नाही जाऊ देणार.

७ तारीख, शुक्रवार

पहिली मोठी खेप निघाली. जन्मापासून ते शाळेत जायला लागेपर्यंतची वर्षं आणि त्यानंतरचाही बराच भाग. इतकं स्वच्छ निघेल असं मला वाटलं नव्हतं. सायकलचा व्हिडिओसुद्धा सापडला, फुलझाडांसकट. मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले आणि काकूंना मशीनवरून उठवून आणलं.

त्यांनी डोळ्यांना पदर लावून सगळं पाहिलं. मग मला म्हणाल्या, गोड आहे गं, पण आमच्या भिंगरीला सायकल कधी होती?

मी म्हटलं, काकू, परवाच तर तुम्ही सांगितलंत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मी? तू माझं काहीतरी दुसरंच ऐकलं असशील. आणि पुन्हा जाऊन गणवेशाची बाही लावायला बसल्या. वय झालं की माणूस विसरतं म्हणा. पण सांगताना तर त्यांना ठसका लागला होता.

८ तारीख, शनिवार

काकू आज गुणगुणत होत्या. काका म्हणाले, चार वर्षांत पहिल्यांदा ती सलग झोपली. मला बरं वाटलं. आपल्या कामाने कुणाला झोप लागली तर आणखी काय हवं.

दुपारी फाइलींना नावं देता देता मी काकांना सहज विचारलं की भिंगरीचा जन्म कोणत्या ऋतूतला, फोटोत सगळे स्वेटर घालून आहेत म्हणून. ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. कचेरीत खिडकीवर उभं राहिल्यावर नेमका तोच कागद घरी राहिलाय असं लक्षात यावं तसा चेहरा झाला. म्हणाले, सांगतो, आत्ता सांगतो. पंपावर जायची वेळ होईपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होते. सांगितलं नाही.

१० तारीख, सोमवार

मला एक शंका आली होती. लिहायलाही वेडगळ वाटत होतं, म्हणून काल लिहिली नाही. आज खात्री करून घेतली.

सकाळी काकांना बसवलं. म्हटलं, तिच्या शाळेतलं काहीतरी सांगा, अजून मी काढलेलं नाही त्यातलं. त्यांनी सांगितलं की भिंगरीला एक बाई फार आवडत. त्या बाईंची बदली झाली, निरोपाचा कार्यक्रम ठेवला, तर हिने बाईंच्या चपला कुंडीत पुरून ठेवल्या. चपला नसल्या की बाई जाणार कशा. सगळी शाळा चपला शोधतेय आणि ही सगळ्यांच्या पुढे, सगळ्यात जोरात शोधतेय. त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे म्हणाले. कुंडी केवढी होती ते त्यांनी हात पसरून दाखवलं.

मग मी वर येऊन पुढचा भाग उतरवून घेतला. व्हिडिओ आला. मागे कुंडीही दिसते. खाली गेले आणि काकांना म्हटलं, चपलांचं पुन्हा सांगा ना. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. म्हणाले, कुठल्या चपला?

मी त्यांचीच गोष्ट त्यांना ऐकवली. दुसऱ्याच्या पोरीचं कौतुक ऐकावं तसं ते ऐकत होते, मान डोलवत. शेवटी म्हणाले, खट्याळच होती म्हणायची. मी म्हटलं, काका, हे तुम्ही मला आज सकाळी सांगितलंत. तेव्हा ते उठून कोनाड्याशी जाऊन उभे राहिले.

मी कॉपी करत नव्हते. कट करत होते. डिस्कवरून उचललं की या दोघांतूनही उचललं जात होतं. मला आठवतं, कारण मी तिला पाहिलेलंच नाही. माझी तिची ओळख या नव्या डिस्कवरची.

११ तारीख, मंगळवार

काम थांबवलं. केबल काढली, पंखा बंद केला. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मला वेड्यात काढलं नाही, त्याचीच भीती वाटली.

निघालेलं त्यांना परत देता येईल का म्हणून सगळे प्रकार करून पाहिले. तेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवले. काका डोळे फाडून बघतात, पण ते पाठ करणं झालं, आठवणं नव्हे. नव्या डिस्कवरचे दोन फोटो पुसूनसुद्धा पाहिले, वाटलं, तिथून गेलं तर यांच्याकडे येईल. आलं नाही. ते दोन फोटो आता कुठेच नाहीत. हे मी केलं. माझा हात हलका आहे म्हणे.

१२ तारीख, बुधवार

थांबवायला नको होतं. निदान तिथे तरी नको होतं.

मी जुनं आधी काढलं. रांगणं, बोबडे बोल, सायकल, चपला, सगळं निघून गेलं. आतल्या शेवटच्या खराब भागात काय उरलंय, तर आजारपणाचे महिने. म्हणजे या दोघांकडे त्यांच्या पोरीचं आता तेवढंच आहे. खाट, सुया, सुजलेला चेहरा, केस गेलेले. त्याच्या आधीचं काही नाही.

काकू आज मशीनवर बसल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, माझी पोर जन्मभर आजारीच होती गं. कधी हसलेली आठवत नाही मला. मी धावत जाऊन सायकलचा व्हिडिओ लावला. त्यांनी पाहिला आणि मान हलवली. म्हणाल्या, ही कुणाची तरी धडधाकट पोर आहे. माझी कुठली एवढं पळणार.

वर येऊन दार लावून घेतलं आणि रडले. डिस्क वाचवायला आले होते मी.

१३ तारीख, गुरुवार

काका आज पंपावर गेले नाहीत. सकाळपासून कोनाड्याशी बसून होते. दुपारी वर आले, खडूच्या माणसांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, उरलंय तेही काढ.

मी नाही म्हटलं. मग ते इतकं बोलले, मी आल्यापासून बोलले नव्हते तेवढं. म्हणाले, रात्रंदिवस तिला फक्त पोरीचं कण्हणं ऐकू येतं. मलाही तेच. आई-बापाने एवढंच घेऊन जगायचं का? आणि ही डिस्क तशीही आज-उद्या मरणार, म्हणजे तिथूनही जाणार. काढलंस तर निदान कुठेतरी राहील. आम्हाला विसरू दे. तू लक्षात ठेव. तुझ्याकडे ती हसते ना? बास झालं.

मी विचारलं, काकूंना विचारायचं नाही का? ते म्हणाले, तिला विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे पांघरुणाचंही सांगावं लागेल.

मी केबल पुन्हा जोडली.

१४ तारीख, शुक्रवार

काढतेय. खराब भाग आहे, फार वेळ लागतो. टिक टिक करते, थांबते, पुन्हा टिक टिक. काका खुर्ची घेऊन शेजारी. मध्येच विचारलं, आपण हे कुणाचं काढतोय? मग स्वतःच म्हणाले, हो, हो. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

संध्याकाळच्या आत शेवटची फाइल आली. आवाजाची आहे. दवाखान्यातून तिने काकूंना पाठवलेला निरोप. आधी नुसतं, आई. मग थांबते, जणू पलीकडून ओ येईल म्हणून. मग म्हणते, निळा फ्रॉक आणून ठेव, घरी येताना तोच घालणार आहे. झोपून झोपून मी उंच झालेय, डॉक्टरकाका म्हणाले. बाह्या लांब कर. विसरू नकोस.

मी वळून काकांकडे पाहिलं. ते पंख्याच्या वायरला लागलेली धूळ पुसत होते. माझं काम छान झालं का म्हणून त्यांनी विचारलं. डिस्क फिरायची थांबली होती.

१५ तारीख, शनिवार

सकाळी काकू हसतमुख. जिन्याजवळच्या चौकटीतला फोटो पुसता पुसता काकांना विचारत होत्या, अहो, ही चौकट आणली तेव्हा आत हा फोटो होताच का? काका म्हणाले, असेल, दुकानदार घालून ठेवतात.

मी सांगणार होते, अहो, ही तुमचीच पोर. पण दोघं चहा पीत होती, एकमेकांची थट्टा करत होती. माझ्या मनात आलं, चला, सुटली बिचारी. देवा, मी असं लिहिलं —

१६ तारीख, रविवार

नाही सुटली.

काकू कपाटं उघडतायत. एक उघडतात, बंद करतात, दुसरं उघडतात. गादी उचलून पाहिली. फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. मी विचारलं काय हवंय. म्हणाल्या, काहीतरी हरवलंय गं माझं. काय ते आठवलं की सापडेल.

दुपारी मशीनवर बसल्या. मला वाटलं, गणवेश. निळं कापड होतं. माप कुठे लिहिलेलं नाही, कुणी दिलेलंही नाही, कात्री आपली चाललीय. फ्रॉक. नऊ वर्षांच्या पोरीचा नाही, चांगला तेरा वर्षांच्या मुलीला होईल एवढा. बाह्या लांब. मला विचारलं, ही ऑर्डर कुणाची होती गं? आणि शिवता शिवता ढसाढसा रडायला लागल्या. रडत होत्या आणि आश्चर्याने स्वतःचे ओले हात बघत होत्या.

काका दारात उभे. तेही रडत होते. का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पोर गेली, तिची आठवण गेली. दुःख तेवढं जिथल्या तिथे. आता त्याला नावही नाही.

१७ तारीख, सोमवार

राहवलं नाही. काकूंना निरोप ऐकवला. वाटलं, आवाज तरी —

त्यांनी कान लावून ऐकला. दोनदा. तिसऱ्यांदा लावायला सांगितला. मग मला म्हणाल्या, कुणाची गं ही पोर? किती गोड हाक मारते. घरचे वाट बघत असतील. तू हे असं आपल्यापाशी ठेवू नकोस, नेऊन दे त्यांना.

काकाही म्हणाले, हो, नेऊन दे. बॅग आडवी ठेवायची का उभी ते त्यांनी पुन्हा विचारलं. फाटकापर्यंत दोघं आली. काकूंच्या हातात फ्रॉक होता. म्हणाल्या, वाटेत कुणी याच्या मापाची भेटली तर दे.

मी घेतला नाही. माझ्याने घेववला नाही.

१८ तारीख, मंगळवार

दुकान. हाताने केलं. डोक्याने नाही.

आमच्यात पहिला नियम, काढलेलं एकाच जागी ठेवायचं नाही. आल्या आल्या डिस्क लावली, शेजारी कोरी लावली, बटण दाबलं. रोजचं काम. चहा ओतून घेतला. आणि मग कळलं काय केलंय.

तिला ओळखणारी आता मी एकटीच. आणि मी ओळखते ती या डिस्कवरून. आणि हिची कॉपी —

केबल ओढते. हात केबलवर आहे. पण जुनं आधी जातं. आत्ता ओढली तर माझ्याकडे काय उरेल — खाट, सुया. मीही म्हणेन, जन्मभर आजारीच होती. नाही. ओढत नाही. काय करू. मालक बाहेर गेलेत, कुणाला —

लिहून ठेवते. भिंगरी. ठरायची नाही म्हणून. झाडं रस्त्यात येतात, असं म्हणाली. कशावरून पडली होती? चपला कुंडीत. बाई जाऊ नयेत म्हणून. कुठल्या बाई — खडूची माणसं, हात लांब. नाही, बाह्या लांब. काका म्हणाले, तू लक्षात ठेव. मी ठेवते आहे. मी ठेवते आहे. तिचे केस — तिला —

दुपार

काम झालं. दोन प्रती तयार, एकही फाइल अडकली नाही. लेबल लावायचं राहिलंय. गिऱ्हाईक कोण ते आठवेना. मालक म्हणाले, तूच तर गेली होतीस. ही पानं मागे चाळली. अक्षर माझंच. कुठल्याशा पोरीबद्दल काहीबाही लिहिलंय, वाचताना छाती भरून येते आणि ओळख काही पटत नाही.

शेवटची फाइल लावून पाहिली, पत्ता लागतो का म्हणून. एक मुलगी आहे. आई म्हणते आणि थांबते.

माझ्या तोंडून ओ गेली.

मला मूलबाळ नाही. लग्न नाही. डोळे का वाहतायत कळत नाही. पुन्हा लावली. पुन्हा हाक मारून थांबली. कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना, म्हणून मी म्हटलं, बोल बाळ, मी आहे इथे, मी तुझी —